एकाच धरणाचे पाणी वर्षभरात चार वेळा का बदलते?

आपल्या पाणीपुरवठा समितीचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील एका धरणातून आपल्या गावाला पाणी मिळते. जुलै-ऑगस्टमध्ये ते लालसर गढूळ असते, डिसेंबर-जानेवारीत घरोघरच्या टाक्यांच्या तळाशी काळसर थर बसतो, एप्रिल-मेमध्ये पाण्याला मातकट वास येतो आणि जूनच्या सुरुवातीला क्लोरीनचा वास वाढलेला असतानाही पोटाच्या तक्रारी वाढतात. धरण तेच, शुद्धीकरण केंद्र तेच, मग पाणी का बदलते, यातला खरा धोक्याचा काळ कोणता, आणि गाळणीतील वाळू काळी पडली आहे म्हणून ती बदलून टाकावी हा ठेकेदाराचा सल्ला मानावा का, असे आपण विचारले आहे.

आधी थेट उत्तर देतो. ऑगस्टमधील गढूळ पाणी दिसायला वाईट असले तरी चारही तक्रारींत ते सर्वांत समजण्यासारखे आणि केंद्राच्या आवाक्यातले आहे. आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत जपण्याचा काळ म्हणजे जूनचे पहिले दोन-तीन आठवडे. टाकीतला काळा थर बहुधा मँगनीजचा आहे. तो वाळूतून आलेला नसून धरणाच्या तळातून आलेला आहे. वाळू मात्र घाईने बदलू नये, कारण तीच काळी वाळू सध्या आपले बरेचसे मँगनीज अडवत असण्याची शक्यता मोठी आहे. या सगळ्याचे मूळ एका गोष्टीत आहे: खोल जलाशयातील पाणी वर्षाचा मोठा भाग वरपासून खालपर्यंत एकसारखे नसते, आणि आपण ते कोणत्या खोलीवरून उचलतो यावर नळाला काय येणार हे बऱ्याच अंशी ठरते.

पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काम करताना मी जलाशयाचे वर्ष जूनपासून न मोजता फेब्रुवारीपासून मोजू लागलो, आणि नव्या सहकाऱ्यांनाही तेच सांगत आलो. जूनपासून मोजले की लक्ष फक्त पावसावर आणि गाळावर राहते. फेब्रुवारीपासून मोजले की पुढच्या दहा-अकरा महिन्यांच्या तक्रारी कुठे तयार होतात ते दिसते.

फेब्रुवारीत ऊन वाढू लागते आणि पृष्ठभागाचे पाणी तापते. तापलेले पाणी हलके असल्याने ते वर राहते आणि खालचे गार पाणी खालीच अडकते. मे महिन्यापर्यंत वरचे पाणी ३० अंशांच्या आसपास आणि तळाचे २३-२४ अंशांवर असा फरक खोल जलाशयात सहज पडतो. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, कारण थंड देशांतील सरोवरांच्या वर्णनात याहून मोठे फरक दिलेले असतात. परंतु पाण्याची घनता गरम तापमानाला फार वेगाने उतरते. २४ अंशांचे एक घनमीटर पाणी २८ अंशांच्या पाण्यापेक्षा सुमारे एक किलोने जड असते. ४ आणि १४ अंशांच्या पाण्यात मात्र दहा अंशांचा फरक असूनही वजनातला फरक सुमारे पाऊण किलोचाच भरतो. म्हणजे आपल्याकडचा चार अंशांचा फरक तिकडच्या दहा अंशांपेक्षा पक्का थर तयार करतो. उन्हाळ्यातला दुपारचा वारा लाटा उठवतो, पण हा थर मोडण्याइतके बळ त्याच्यात नसते.

थर बसला की तळाच्या पाण्याचा हवेशी संबंध तुटतो. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, आणि तळाला तेवढीच शिल्लक पुंजी घेऊन उन्हाळा काढायचा असतो. मागच्या पावसाळ्यात आलेला पालापाचोळा, शेण आणि मेलेले शेवाळ यांचे कुजणे तळाशी चालूच असते, आणि आपल्याकडचा तळ थंड देशांतल्यासारखा चार-सहा अंशांवर नसल्यामुळे ते वेगाने होते. त्यामुळे काही आठवड्यांतच ऑक्सिजन संपतो. त्यानंतर कुजवणारे जीवाणू ऑक्सिजनऐवजी इतर पदार्थांकडे वळतात आणि त्याचा क्रम ठरलेला असतो: आधी नायट्रेट, मग मँगनीज, मग लोह, त्यानंतर सल्फेट, आणि शेवटी मिथेनची निर्मिती. गाळात घट्ट बसलेले मँगनीज आणि लोह या टप्प्यात विरघळून पाण्यात येतात. गाळातून अमोनियाही सुटतो. लोहाला धरून बसलेला फॉस्फेट मोकळा होतो. सल्फेटची पाळी आली की सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागतो.

हे सारे पाण्याकडे नुसते पाहून कळत नाही. तळाचा नमुना वर काढला तर तो काचेसारखा स्वच्छ दिसतो, कारण विरघळलेल्या मँगनीजला किंवा लोहाला रंग नसतो. होडीतच आम्ही ऑक्सिजनची जुनी विंकलर चाचणी करत असू. नमुन्याच्या बाटलीत मँगनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइडचे द्रावण सोडायचे, बूच लावून बाटली उलटसुलट करायची आणि साका बसू द्यायचा. वरच्या पाण्याच्या बाटलीत गडद तपकिरी साका बसतो. खोलीगणिक तो फिका होत जातो, आणि एका ठराविक खोलीखाली तो पांढराच राहतो. पांढरा साका म्हणजे ऑक्सिजन नाही. ज्या खोलीवर साका पांढरा होतो, ती खोली मे महिन्यात केंद्रचालकाला ठाऊक असली पाहिजे, कारण तिच्याखालचा पाणी उचलण्याचा दरवाजा उघडा असेल तर पुढे केंद्रात काहीही केले तरी मँगनीजशी आणि अमोनियाशी झगडावेच लागणार.

सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यातल्या तिळारी जलाशयावर गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी काम केले आहे, आणि तेथेही हेच चित्र आढळते: उन्हाळ्यात पक्के थर, तळाशी ऑक्सिजनचा अभाव, आणि हिवाळ्यात सर्व पाणी एकत्र मिसळणे. उलट पैठणचा जायकवाडी जलाशय प्रचंड मोठा असूनही सरासरीने उथळ आहे. १०२ टीएमसीच्या आसपास साठा सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटरांवर पसरलेला असल्याने तेथे वारा पाणी बऱ्याच भागात ढवळून काढू शकतो, आणि तेथील दुखणे थरांपेक्षा गाळ उकरला जाण्याचे आणि शेवाळाचे अधिक असते. म्हणून एका धरणाचा अनुभव दुसऱ्याला जसाच्या तसा लावता येत नाही. खोली, आकार आणि वाऱ्याचा मारा पाहावा लागतो. आपले धरण घाटाच्या पायथ्याशी अरुंद दरीत आहे असे आपण लिहिले आहे, म्हणजे ते तिळारीच्या जवळचे, जायकवाडीच्या नव्हे.

एप्रिल-मेमधील मातकट वासाचे कारण मात्र तळाशी नसून वरच्या थरात आहे. वरच्या उबदार, उजेडाच्या आणि स्थिर पाण्यात निळे-हिरवे शेवाळ वाढते. मायक्रोसिस्टिससारख्या जातींच्या पेशींत हवेच्या सूक्ष्म पिशव्या असतात, त्यामुळे त्या हव्या त्या खोलीवर तरंगू शकतात आणि पहाटे वारा पडलेला असताना पृष्ठभागावर हिरवा तवंग दिसतो. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती आणि काही मृदाजीवाणू जिऑस्मिन आणि एमआयबी नावाची संयुगे तयार करतात. पहिल्या पावसात मातीला जो वास येतो तो याच जिऑस्मिनचा. लिटरमध्ये दहा नॅनोग्रॅमच्या आसपास असले तरी माणसाच्या नाकाला ते कळते. ही संयुगे तुरटीने जात नाहीत आणि नेहमीच्या मात्रेतल्या क्लोरीनने जवळजवळ हलत नाहीत; त्यासाठी सक्रिय कोळशाची भुकटी किंवा ओझोन लागतो. ही दोन्ही संयुगे या प्रमाणात अपायकारक नाहीत, एवढे लोकांना स्पष्ट सांगितले पाहिजे. पण वास आला म्हणजे शेवाळ आले, आणि काही निळे-हिरवे शेवाळ यकृताला घातक असे मायक्रोसिस्टिन विषही बनवते, म्हणून वासाची तक्रार कधीही झटकून टाकू नये. मायक्रोसिस्टिन-एलआर या प्रकारासाठी दीर्घकाळ पिण्याच्या पाण्यात लिटरला एक मायक्रोग्रॅम ही मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने दिली आहे.

येथे एक चूक अनेक केंद्रांवर होताना मी पाहिली आहे. शेवाळ दिसले की कच्च्या पाण्यातच क्लोरीनचा मोठा डोस द्यायचा, किंवा जलाशयात मोरचूद टाकायचा. दोन्हींमुळे पेशी फुटतात आणि आत असलेला वास व विष पाण्यात मोकळे होते. पेशी अखंड असतानाच तुरटीने गोळा करून निवळण टाकीत बसवणे आणि गाळणीत अडवणे हा योग्य क्रम आहे, क्लोरीन त्यानंतर. वास फारच असेल तर कोळशाची भुकटी लिटरला १० ते २० मिलिग्रॅम या मात्रेत इनटेकजवळ, म्हणजे धरणातून पाणी उचलण्याच्या जागी, द्यावी, म्हणजे केंद्रापर्यंत येताना तिला पुरेसा वेळ मिळतो.

शेवाळाचा आणखी एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. दुपारी शेवाळ पाण्यातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि पाण्याचा पीएच ९ च्या पुढे जाऊ शकतो. पहाटे तोच पीएच बराच खाली असतो. क्लोरीनचा जंतुनाशक भाग म्हणजे हायपोक्लोरस आम्ल पीएच ७.५ ला सुमारे निम्मे असते, तर पीएच ८.५ ला एक दशांशावर येते. म्हणजे सकाळी पुरणारा डोस दुपारी अपुरा पडू शकतो. उन्हाळ्यातील पीएचची नोंद सकाळी आठची आणि दुपारी तीनची अशी दोनदा घ्यावी, एवढीच विनंती मी चालकांना करत असे.

आता जून. माझ्या मते या महिन्याइतके दुर्लक्ष दुसऱ्या कोणत्याही महिन्याकडे होत नाही, कारण सगळ्यांचे डोळे साठ्याच्या आकड्याकडे लागलेले असतात. साठा तळाशी गेलेला असतो, म्हणजे इनटेकचा सर्वांत खालचा दरवाजाच काय तो पाण्यात उरतो आणि आपण ऑक्सिजन नसलेल्या थरातूनच पाणी उचलत असतो. त्याच वेळी वळवाचा किंवा मृगाचा पहिला जोरदार पाऊस डोंगरउतारावरचे वर्षभराचे सगळे खाली आणतो: शेण, उघड्यावरची विष्ठा, वणव्यांची आणि भाताच्या राबांची राख, रस्त्याकडेचा कचरा. पाणी कमी असल्याने त्याचे विरळ होणेही होत नाही. जलाशय उतरल्यावर उघड्या पडलेल्या काठच्या जमिनीत गाळपेर केलेली असते. तेथे टाकलेले खत आणि उरलेली पिके नव्या पाण्याखाली जातात आणि कुजतात.

आपल्याला पडलेले कोडे, म्हणजे क्लोरीनचा वास वाढूनही लोक आजारी का पडतात, ते येथे सुटते. तळथरातील अमोनिया क्लोरीनशी संयोग पावून क्लोरामाइन तयार होतात. त्यांचा वास उग्र असतो, जंतुनाशक शक्ती मात्र मोकळ्या क्लोरीनपेक्षा बरीच कमी असते. अमोनियातील एक मिलिग्रॅम नायट्रोजनचा पूर्ण निकाल लावायला हिशेबाने सुमारे साडेसात आणि प्रत्यक्षात आठ ते दहा मिलिग्रॅम क्लोरीन लागतो. गावोगावी ऑर्थोटोलिडिनची म्हणजे ओटी चाचणी करतात. नळीत पिवळा रंग आला की क्लोरीन आहे असे समजतात. ओटी क्लोरामाइनलाही पिवळा रंग देते. मोकळा क्लोरीन ताबडतोब रंग देतो आणि क्लोरामाइनचा रंग काही मिनिटांत चढतो, पण नळी हातात धरून सावकाश पाहणाऱ्याला हा फरक दिसत नाही. त्यामुळे वहीत क्लोरीन ०.५ लिहिलेला असतो आणि मोकळा क्लोरीन जवळजवळ शून्य असतो. यावर उपाय साधा आहे. ओटीऐवजी डीपीडी चाचणी घ्यावी, मोकळा आणि एकूण असे दोन्ही आकडे लिहावेत, आणि पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक १०५०० नुसार किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन शेवटच्या नळाला मिळतो की नाही हे पाहावे. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर वापरत असाल तर तिची ताकद तपासून घ्या. उन्हाळाभर गोदामात पडलेल्या पोत्यातला क्लोरीन बराच उडून गेलेला असतो.

जुलैत पाऊस धरला की दृश्य पालटते. नदीचे पाणी आता गढूळ आणि जलाशयाच्या पृष्ठभागापेक्षा गार असते, म्हणून जड असते. नदी जेथे जलाशयाला मिळते तेथून पुढे थोड्या अंतरावर काटक्या, फेस आणि जलपर्णी यांची एक आडवी रेषा पाण्यावर साचलेली दिसते. त्या रेषेपाशी गढूळ प्रवाह बुडी मारतो आणि तळाच्या किंवा मधल्या थराने धरणाच्या भिंतीकडे सरकतो. म्हणूनच कधी कधी भिंतीजवळ वरचे पाणी बऱ्यापैकी निवळलेले असते आणि इनटेकच्या खालच्या दरवाजातून मात्र चहाच्या रंगाचे पाणी केंद्रावर येते. त्या दिवसांत वरचा दरवाजा उघडून खालचा बंद केला तर गढूळता झटकन खाली येऊ शकते. काही दिवसांनी गाळ सगळीकडे पसरला की हा फायदा उरत नाही, तेव्हा दरवाजा बदलण्याची वेळ रोजच्या मोजणीवरूनच ठरवावी लागते.

गढूळ पाणी शुद्ध करणे त्यामानाने सोपे असते, कारण तुरटीच्या गोळ्यांना चिकटायला कण भरपूर असतात. खरी अडचण क्षारतेची, म्हणजे आम्ल पचवण्याच्या पाण्याच्या क्षमतेची असते. घाटातून झटक्यात वाहून आलेल्या पावसाच्या पाण्याला बेसाल्टशी फार वेळ मिळत नाही आणि त्याची क्षारता कमी राहते. एक मिलिग्रॅम तुरटी सुमारे अर्धा मिलिग्रॅम क्षारता खाते. म्हणजे पन्नासचा डोस दिला तर पंचवीस क्षारता गेली. क्षारता संपली की पीएच कोसळतो, गोळे बांधले जात नाहीत, आणि चालक आणखी तुरटी ओततो, ज्याने स्थिती बिघडते. अशा वेळी चुना द्यावा किंवा पॉलिअल्युमिनियम क्लोराईड वापरावे, जे क्षारता कमी खाते. जार टेस्ट पावसाळ्यात प्रत्येक पाळीत किमान एकदा आणि पूर आला की लगेच करावी. सहा ग्लासांत वाढत्या मात्रा, मिनिटभर जोरात ढवळणे, पंधरा-वीस मिनिटे सावकाश, मग वीस-तीस मिनिटे निवळू देणे. त्यातून जी मात्रा निघेल तीच टाकीला. आदल्या वर्षीच्या वहीतली मात्रा चालणार नाही. निवळलेले पाणी गाळणीवर जाताना १० एनटीयूच्या (गढूळपणाचे एकक) आत आणि गाळून बाहेर पडताना १ एनटीयूच्या आत असावे. गाळून आलेले पाणी ५ च्या वर जाऊ लागले तर उत्पादन कमी करावे लागले तरी चालेल, पण गाळणीवरचा वेग उतरवावा, कारण गढूळ कणांच्या आड जंतू क्लोरीनपासून सुरक्षित राहतात.

सप्टेंबर-ऑक्टोबरबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. धरण भरलेले, क्षार सर्वांत कमी, गाळ बसत चाललेला. वर्षातले सर्वांत आज्ञाधारक पाणी हेच.

नोव्हेंबर संपताना रात्री गार होतात, पृष्ठभागाचे पाणी थंड होऊन जड होते आणि खाली जाऊ लागते. पावसाळ्याच्या पुराने थर कितपत मोडला होता यावर पुढचे अवलंबून असते. ज्या धरणात साठ्याच्या कित्येक पट पाणी येऊन सांडव्यावरून जाते, तेथे तळ पावसाळ्यातच धुतला जातो. ज्या खोल धरणात पूर वरच्या-मधल्या थरांतून निघून जातो, तेथे तळाचे जुने पाणी ऑक्सिजनविना पावसाळा ओलांडते आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत एकदम वर येते. ही वार्षिक उलथापालथ काही दिवसांत घडते. लोहाला ऑक्सिजन मिळाला की ते लवकर गंजून साक्यात जाते. मँगनीजचे तसे नाही. नैसर्गिक पाण्याच्या पीएचला ऑक्सिजन त्याला फार सावकाश पालटतो, म्हणून ते विरघळलेलेच केंद्रापर्यंत येते, तुरटी त्याला धरत नाही, आणि क्लोरीनही त्याला हळूहळूच पालटतो. परिणामी ते गाळणीतून निसटते आणि पुढे जलवाहिनीत, उंच टाकीत आणि घरच्या टाकीत तासा-दिवसांच्या वेळात काळे होऊन बसते. आपल्या टाक्यांतला थर तो हाच. मानकात मँगनीजची स्वीकार्य मर्यादा ०.१ मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसताना ०.३ मिलिग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे अलीकडचे तात्पुरते मूल्य ०.०८ आहे आणि ते मुख्यतः बाटलीचे दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलांना समोर ठेवून ठरवलेले आहे. म्हणून या थराला नुसता दिसण्याचा दोष मानू नये. डिसेंबर ते फेब्रुवारी दर आठवड्याला कच्च्या आणि शुद्ध पाण्यातले मँगनीज तपासून घ्यावे.

काळ्या वाळूबद्दल. वर्षानुवर्षे मँगनीज आणि क्लोरीन असलेले पाणी वाळूवरून गेले की कणांवर मँगनीज डायऑक्साइडचे काळे आवरण चढते. हे आवरण विरघळलेले मँगनीज स्वतःवर ओढून घेते आणि पाण्यात क्लोरीन असेल तर तेथेच त्याचे पुन्हा आवरण होते. म्हणजे ती वाळू काम करत आहे. अट एकच: गाळणीवर जाणाऱ्या पाण्यात थोडा मोकळा क्लोरीन असला पाहिजे. क्लोरीन बंद केला तर हेच आवरण मँगनीज परत सोडू शकते. वाळू गोळे बांधून घट्ट झाली असेल, तिच्यात चिखलाचे गोळे असतील, थराची जाडी घटली असेल किंवा उलट धुण्याने ती मोकळी होत नसेल, तर जरूर बदला. केवळ रंगावरून बदलू नका. बदलायचीच झाली तर सर्व गाळण्या एका हिवाळ्यात बदलू नयेत, कारण नव्या पांढऱ्या वाळूला हे आवरण चढायला महिने लागतात आणि तोवर मँगनीज थेट गावात जाते. मँगनीज फारच असेल तर पोटॅशियम परमँगनेट हा उपाय आहे. एक मिलिग्रॅम मँगनीजला हिशेबाने १.९२ मिलिग्रॅम लागतो. मात्रा थोडी जास्त झाली तरी पाणी गुलाबी येते, म्हणून प्रशिक्षित माणसाशिवाय तो सुरू करू नये.

उलथापालथीबरोबर तळाचे फॉस्फेट आणि नायट्रोजनही वर येतात, आणि जानेवारीअखेरीस डायटम जातीचे शेवाळ फोफावते. त्यांची गारगोटीसारखी (सिलिकाची) कवचे गाळणीचे तोंड बंद करतात. एरवी दिवसभर चालणारी गाळणी काही तासांत धुवावी लागली, पाणी मात्र ४-५ एनटीयूचेच आहे, असे दिसले तर गाळणीला दोष देण्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब पाहावा.

पुण्याच्या पाण्याची रचना या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. आंबी नदीवरील पानशेत (१०.६५ टीएमसी), मोसे नदीवरील वरसगाव (१२.८२ टीएमसी) आणि मुठेवरील टेमघर (३.७१ टीएमसी) ही वरची धरणे, पैकी पानशेत आणि वरसगाव साठ मीटरांहून उंच, म्हणजे थर बसण्याइतकी खोल. त्यांचे पाणी खाली खडकवासल्यात येते, ज्याची क्षमता जेमतेम १.९७ टीएमसी आहे. उन्हाळ्यात वरच्या धरणांतून खालच्या पातळीवरचे गार, ऑक्सिजन हरवलेले पाणी सोडले जाते, पण नदीच्या खडकाळ पात्रातून खळाळत येताना त्याला हवा मिळते आणि लोहाचा काही भाग वाटेतच बसतो. खडकवासल्यातून शहराची उचल दिवसाला १५०० दशलक्ष लिटर धरली, तर तो पूर्ण साठा सव्वा महिन्यात बदलतो. कालव्याचे आवर्तन सुरू असेल तर त्याहून लवकर. इतक्या वेगाने बदलणाऱ्या पाण्यात तळाला पक्का थर धरायला फुरसत कमी मिळते. परंतु त्याच कारणाने काठावरच्या वस्त्यांचे सांडपाणी विरळ व्हायलाही वेळ मिळत नाही, आणि म्हणून खडकवासल्यासारख्या लहान जलाशयाच्या काठची प्रत्येक उघडी गटार वरच्या मोठ्या धरणाच्या काठच्या गटारापेक्षा जास्त घातक मानली पाहिजे. आपल्या गावाच्या धरणाखाली असा मधला जलाशय नाही, थेट धरणातूनच उचल आहे. म्हणून आपल्याला हवा मिळण्याचे काम केंद्रातील पायऱ्यांच्या धबधब्यावरच करून घ्यावे लागते. तो धबधबा दुरुस्त आहे ना, पाणी पातळ चादरीसारखे सर्व पायऱ्यांवरून पडते ना, हे फेब्रुवारीपूर्वी पाहून घ्या.

समितीने यंदापासून एक वही सुरू करावी, असे मी मनापासून सुचवतो. फेब्रुवारी ते जून आणि पुन्हा नोव्हेंबर ते जानेवारी, दर पंधरवड्याला इनटेकजवळ होडी नेऊन दर दोन मीटर खोलीवर तापमान आणि विरघळलेला ऑक्सिजन मोजावा. लांब तारेचा डीओ मीटर तालुक्याच्या दोन-तीन योजनांनी मिळून घेतला तरी पुरतो. तळाच्या आणि चालू दरवाजाच्या पातळीच्या नमुन्यात अमोनिया आणि मँगनीज पाहावे. या वहीवरून दरवाजा ठरवावा: मार्च ते मे शेवाळाच्या वरच्या पट्ट्याखाली आणि ऑक्सिजन संपण्याच्या पातळीच्या वर, जुलैत बुडी मारलेल्या गढूळ प्रवाहाच्या वर, उलथापालथीत जेथे मँगनीज कमी तेथे. इनटेकचे वरचे दरवाजे गंजून बंद पडलेले असतात आणि फक्त खालचा चालतो, ही स्थिती मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. तसे असेल तर वाळू बदलण्यासाठी ठेवलेले पैसे आधी दरवाजांवर खर्च करा.

गाळपेरीबाबत पाटबंधारे विभागाशी बोलून पाणीउचल विहिरीच्या आसपासच्या पट्ट्यात तरी खत आणि कीटकनाशके टाकली जाणार नाहीत अशी अट घालून घ्यावी. ज्या कुटुंबांचा उन्हाळा या गाळपेरीवर चालतो त्यांना हुसकून लावून हे साधणार नाही. पट्टा ठरवून दिला आणि कारण समजावून सांगितले तर ते ऐकतात.

घरापुरते सांगायचे तर पहिला मोठा पाऊस झाल्यापासून डीपीडीचा मोकळा क्लोरीनचा आकडा सलग आठवडाभर स्थिर होईपर्यंत पिण्याचे पाणी उकळून घ्यावे. पाणी खळखळून उकळू लागल्यावर मिनिटभर पुरते. मँगनीज उकळल्याने जात नाही, म्हणून जानेवारीत तान्ह्या मुलांच्या दुधासाठी टाकीच्या तळचे पाणी न घेता थेट नळाचे, थोडे वाहू दिलेले पाणी घ्यावे, आणि फेब्रुवारीच्या मध्याला सर्व टाक्या रिकाम्या करून घासून धुवाव्यात. त्याच आठवड्यात जलवाहिन्यांच्या शेवटच्या टोकांचे धुण्याचे व्हॉल्व्ह रात्री उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्यावे, म्हणजे बसलेले मँगनीज मार्चमध्ये दाब वाढल्यावर एकदम सुटून नळाला येणार नाही.